पहिलं दळण घरचं

हातोडी पुन्हा अंगठ्यावर बसली. हे ओरडले नाहीत. अंगठा तोंडात धरला, मग धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत छिन्नी हातात घेतली.

"बघू," मी म्हणाले.

"काय बघायचंय त्यात? अंगठा हाय."

"काळानिळा पडलाय."

"पडू दे. त्याला कुठं लग्नाला उभा करायचाय."

गिरणीतला वरचा दगड आदल्या दिवशी सकाळीच चार माणसं बोलावून काढला होता आणि पोत्यांवर उताणा ठेवला होता. आमची गिरणी दगडी. खालचा दगड जमिनीत पक्का बसवलेला आणि वरचा मोटरच्या पट्ट्यावर फिरणारा. दोन्हींवर मधल्या भोकापासून कडेपर्यंत चऱ्या असतात. दळून दळून त्या झिजतात, दगड गुळगुळीत होतो आणि पीठ गरम पडायला लागतं. मग दगड काढून त्याला टाकी लावायची, म्हणजे पोलादी छिन्नीनं त्या चऱ्या ठोकून पुन्हा जाग्या करायच्या. दिसायला सोपं असतं. पण चरी उथळ राहिली तर पीठ भरड येतं, आणि घाव वेडावाकडा पडला तर दगडाचा चुरा पिठात उतरतो. त्याला आम्ही कच म्हणतो.

भैरोबाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेला आमच्या गावात दर घरी पुरणपोळी, आणि पोळीच्या गव्हाला बायका भारी चोखंदळ. स्टँडजवळ नुकतीच दुसरी चक्की सुरू झाली होती, नव्या तऱ्हेच्या दगडाची. जत्रेचं दळण एकदा तिकडं गेलं की माणसं वर्षभर तिकडंच जाणार, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. मुलगी लग्न होऊन कराडला गेलेली, मुलगा फौजेत. आमच्या दोघांच्या पोटाला ती गिरणी होती.

बायाक्का दारात येऊन उभी राहिली. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, आणि दळणाच्या रांगेत कायम पहिली. ह्यांना तिनं लहानपणी कडेवर घेतलेलं, त्यामुळं तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"महिपा, गव्हू निवडून बसलीया मी. कवा व्हनार हाय तुझं?"

"परवा सकाळी या आक्का."

"परवा म्हंजी परवाच ना? का टाकी लावता लावता हात तोडून घेतोस?" ती आत वाकली. "आरं, अंगठा बघ की. बायकोकडं बघत ठोकतोस व्हय ह्या वयात?"

हे हसले. मी हसले नाही, कारण मला हसू येत नव्हतं.

ह्यांच्या हातून त्या दिवसांत असं काही ना काही रोजच होत होतं. नटाला पाना लावला की घसरायचा आणि बोटांची सालटी जायची. तेलाची बुधली फळीवर ठेवायला जायचे आणि फळीच्या अलीकडेच सोडून द्यायचे. बेअरिंगचं तेल भोकात कमी आणि भोवती जास्त. पोतं शिवताना दाभण तळहातात घुसवून घेतला. एकदा मोटरचा नट आडवा चढवून आटेच खराब करून ठेवले. ज्या माणसानं अंधारात चाचपून पट्टा चढवावा, त्याचं हे असं चाललेलं. गिऱ्हाइकं आधी हसायची. मग ती हसायची थांबली, आणि ते मला जास्त लागलं.

मला वाटलं, हे कुठं पिऊन तर येत नाहीत? म्हणून मी रात्री जेवायला वाढताना मुद्दाम वाकून वास घेतला. लसणीच्या चटणीचा होता. मग वाटलं, कोणाची नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. त्या चांगल्या तडतडल्या, पण पाना पडायचा तो पडतच राहिला. शेवटी मी विचारच सोडला. दिवसभर गिऱ्हाइकांचे डबे उचलायचे, पीठ झाडायचं, संध्याकाळी ह्यांच्या बोटांना हळद लावायची, यातच माझा जीव निघत होता. चिडायलाही अंगात जोर लागतो.

"आळसंदच्या किसनला बोलवू या," मी बायाक्का गेल्यावर म्हणाले. "पोटापाण्यासाठी टाकीच लावत फिरतो तो. या खेपेला तेवढा."

"न्हाई."

"का न्हाई?"

"आबांनी मला शिकवलंय. ह्या दगडाला तिसऱ्या मानसाचा हात लागलेला न्हाई."

आबा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन कैक वर्षं झाली होती, पण गिरणीत अजून त्यांचाच कायदा चालायचा. त्यातला एक कायदा असा की टाकी लावल्यावर पहिलं दळण घरचं घालायचं. नव्या टाकीनंतर थोडी कच निघतेच. दुसरे गिरणीवाले पहिल्या घाण्याला कोंडा घालून तो म्हशीपुढं ओततात. आबा म्हणायचे, म्हशीला सांगता येत नाही. आपल्या तोंडात पडलं की आपल्याला कळतं, काम कसं झालं ते. त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून वर्षातून दोन-तीनदा मी कचीची भाकरी खात आले होते. एखाद-दुसरा दिवस कचकचायची, मग दगड सुधारायचा. गेल्या दिवाळीच्या टाकीनंतर मात्र ती दिवसेंदिवस कचकचत राहिली. मी गिळत राहिले. दमून आलेल्या माणसापुढं भाकरी ठेवून वर त्याच्या कामाला नावं कशी ठेवायची? हे विचारायचे, "कशी झालीय?" मी म्हणायची, "चांगली."

दुपारी मी चहा घेऊन गिरणीत गेले, तर ठोकण्याचा आवाज बंद होता. हे दगडापुढं नुसते बसले होते. एका चरीची कड पार तुटून पडली होती, हाताच्या बोटाएवढी. खालचा दगड त्यांनी आदल्या दिवशी कसाबसा उरकला होता, पण हे असं कधी झालं नव्हतं.

"सुटला घाव," हे म्हणाले.

ह्यांच्या उजव्या हाताला हत्यारं पसरली होती म्हणून पेला डाव्या बाजूला ठेवला. "चहा ठेवलाय."

हे वळले, हात खाली आणला, आणि पेला बोटांनी कलंडला. सगळा चहा दगडाच्या चुऱ्यात गेला. हात चुकून लागला नव्हता. पेला जिथं होता त्याच्या वीतभर अलीकडं त्यांनी तो धरायला बोटं मिटली होती. मी डोळ्यांनी बघितलं.

"हितं कशाला ठेवतीस गं पेला?" हे म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

मी त्यांच्यासमोर बसले. तोंड सगळं दगडाच्या पिठानं पांढरं झालेलं, भुवयासुद्धा. पदरानं पुसायला लागले. पुसता पुसता काय मनात आलं कोण जाणे, पदराचा बोळा त्यांच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं खाली पडलेला पेला उचलून समोर धरला.

"माझ्या हातात काय हाय?"

"पदर."

"पदर तुमच्या तोंडावर हाय. ह्या हातात काय हाय?"

डावा डोळा उघडा होता. माझ्याकडंच होता. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती आणि गल्लीतली पोरं जत्रेच्या पताका बांधत होती.

"सांगा की," मी म्हणाले.

"हौसा, हात काढ."

"कवापासनं?"

"हात काढ आदी."

मी हात काढला. हे दगडाकडं बघत बोलले.

"दिवाळीच्या टाकीला कनी उडाली. तुला सांगितलं न्हवतं का, डोळ्यात गेलीया म्हनून? तू फुंकर मारलीस."

"तुम्ही म्हनालात, निघाली."

"तवा वाटलं निघाली. मग आठ-पंधरा दिसांनी सगळं धुरकटच दिसाय लागलं. मिरजेला एका डॉक्टरकडं गेलो."

"मिरजेला तुम्ही पट्टा आनायला गेला होता."

"पट्टा बी आनला की."

आणला होता, हे खरं. जुना पट्टा चांगला असताना नवा कशाला, म्हणून मी तेव्हा कुरकुर केली होती. तो अजून कोनाड्यात गुंडाळून पडला होता. एक माणूस बायकोला खोटं सांगायला नको म्हणून नको असलेला पट्टा विकत आणतो. मला रडू यायला हवं होतं, पण मी इतकी थकले होते की फक्त पट्ट्याकडं बघत राहिले.

"डॉक्टर काय म्हनाला?"

"पोलादाचा कन हाय, आत रुतलाय. लई उशिरा आलास म्हनाला. हा गेला. उजवा सांभाळ."

"आनि?"

"आनि काय? टाकीला हात लावू नको म्हनाला."

"आनि तुम्ही उघड्या डोळ्यानं टाकी लावत बसलाय."

"तुला सांगितलं असतं तर तू छिन्नी धरू दिली असतीस?"

"न्हाई."

"मग."

एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे मला पुढं कोणीतरी सांगितलं. पाना नटापर्यंत पोचला की नाही, पेला जवळ आहे की लांब, सगळं अंदाजानं. ह्यांनी इतके महिने तो अंदाज एकट्यानं केला होता, आणि लोक म्हणत होते महिपाचा हात वाकडा पडला.

मी उठले आणि हातोडी-छिन्नी उचलून माझ्याकडं घेतली.

"कुठं चाललीस?"

"कुठं न्हाई. सरका तिकडं. मी लावते."

"येडी हाईस का? बाईमानसाचं काम हाय हे?"

"दारावर पाट्याला टाकी लावनारी येती ती कोन असती? बाप्या असतो?"

"पाटा निराळा. हा गिरनीचा दगड हाय."

"मग बोलवा किसनला."

हे हळूच म्हणाले, "आनि तुझ्या डोळ्यात गेली कनी तर?"

"दोघांचे मिळून तीन हाईत. एक गेला तरी जोडी ऱ्हाती."

हे मी रागानंच बोलले होते. पण ह्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. उठून आत गेले आणि चाचपडत जावयाचा गॉगल घेऊन आले. गेल्या जत्रेत जावयानं हौसेनं घेतलेला आणि इथंच विसरलेला, हिरव्या काचांचा, कानाकडं सोनेरी दांडी.

"हा घाल. न्हाईतर हात लावू देत न्हाई."

"तुम्ही का घातला न्हाई कवा?"

"लोक हसली असती."

मी गॉगल घातला. डोक्यावर पदर, डोळ्यांवर हिरवा गॉगल, हातात हातोडी. त्या वेळी मला कोणी पाहिलं असतं तर जत्रेत तमाशाची काही गरज उरली नसती. ह्यांना मी भिंतीकडं तोंड करून बसायला लावलं, उजव्या डोळ्यावर फडकं धरायला सांगितलं आणि पहिला घाव घातला. छिन्नी घसरली. दुसरा घातला. तो अंगठ्यावर बसला.

"लागली?" भिंतीकडं बघतच ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"खोटं बोलू नको. आवाज कळतो. दगडावर बसली तर वाजती."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. छिन्नी उभी धरू नको, जरा कलती धर. मनगट सैल सोड, हातोडी तिच्या वजनानं पडू दे. जोर लावलास की घाव सुटतो. मी थोडं ठोकायची, थांबायची, मग हे वळून दगडाशी यायचे. डोळे मिटून एक एक चर बोटांनी मधल्या भोकापासून कडेपर्यंत चाचपायचे. "हितं उथळ ऱ्हायली. हितं जास्ती घेतलीस, आता हिला शिवू नको. ही बरी हाय." बोटाला अंतराची अडचण नव्हती. मग परत भिंतीकडं तोंड.

असं आम्ही अंधार पडेपर्यंत केलं आणि दुसरा सबंध दिवस केलं. माझं मनगट सुजलं, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली. पाठ अशी धरली की उठताना दगडाचाच आधार घ्यावा लागला. तुटलेल्या कडेच्या आजूबाजूचं तेवढं ह्यांनी मला फार जपून घ्यायला लावलं. मधेच एकदा ह्यांनी विचारलं, "दिवाळीपासनं भाकरीत कच लागत न्हवती का गं तुला?"

"लागायची."

"रोज?"

"रोज."

"मला बी लागायची," हे म्हणाले. "मला वाटलं, तू चांगली म्हनतीस म्हंजी माझ्याच दाताला कायतरी झालंय."

मी हातोडी खाली ठेवली. "मग बोलला का न्हाई?"

"तू तरी कुठं बोललीस."

मग मी पुन्हा ठोकायला लागले, कारण उजेड चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं बोलावून दगड चढवला. मोटर सुरू केली. आबांच्या कायद्याप्रमाणं पहिलं दळण घरचं. आधी भाकरीची ज्वारी, आमचा शाळू, घातला. खाली पडलेलं पीठ मी चिमटीनं जिभेवर ठेवलं, तर कच. आणखी शाळू घातला. अजून कच. माझा हात नवा, घाव जास्तीचे पडलेले, दगड आपला चुरा सोडतच होता. घरातला शाळू संपला. मग मी जत्रेसाठी निवडून ठेवलेला आमचा गहू आणला.

"तो न्हाई," हे म्हणाले. "पोळीला काय करशील?"

"ह्याचीच करीन."

गहू सगळा घातला. तळाचा शेवटचा शेर-दोन शेर पडला तेव्हा कुठं जीभ निवली. ह्यांनीही चिमूट तोंडात टाकली, गालात फिरवली आणि मान हलवली. तोवर दारात डब्यांची रांग लागली होती, आणि रांगेत पहिली अर्थातच बायाक्का.

तिचा गहू दळून झाला. तिनं पिठात बोट घातलं, जिभेला लावलं. रांगेतल्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"बेस हाय," ती म्हणाली. "लई दिसांनी हात बसला म्हनायचा तुझा, महिपा."

मी डबा पुढं सरकवत होते. मला वाटलं, हे आता हसतील आणि विषय संपेल. संपला असता तर मीही काही बोलले नसते. हे पट्ट्याशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "माझा हात न्हाई आक्का. माझा डावा डोळा गेलाय. टाकी हौसानं लावली."

गिरणीच्या घरघरीत हे किती जणींना ऐकू गेलं कोण जाणे. पण बायाक्काला गेलं. ती ह्यांच्याकडं बघत राहिली, मग जवळ जाऊन त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून उजेडाकडं फिरवलं आणि डोळा बघितला. लहानपणी बघितलं असेल तसं. तिनं कोणाला दोष दिला नाही, हळहळही केली नाही. डबा डोक्यावर घेताना मला एवढंच म्हणाली, "माझा पाटा बी लई गुळगुळीत झालाय गं. जत्रा झाली की घिऊन येती."

ती खरोखरच आणत राहिली, मरेपर्यंत. आणि ह्यांचा उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. पाना मात्र पडायचाच. पण आता तो पडला की मी म्हणायची, "अजून चार बोटं पुढं," आणि हे हात पुढं न्यायचे. गिरणीला आता कुलूप आहे. दगड अजून आत आहे, उचलायला कोणी तयार नाही.

त्या जत्रेला मी नैवेद्याचं ताट भैरोबाला नेलं, ते शेवटच्या शेरातल्या चांगल्या पिठाचं. उरलेल्या पिठाच्या पोळ्या घरात केल्या. हे जेवायला बसले, मी समोर बसले. बाहेर हलग्या वाजत होत्या आणि गावातल्या घराघरांत लोक मऊसूत पोळी खात होते. ह्यांनी दुधात बुडवून पहिला घास घेतला, चावला, आणि मला तो आवाज ऐकू आला. मीही घास घेतला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

ह्यांनी घास गिळला. माझ्या अंगठ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कच लागतीय," हे म्हणाले.

"मला बी," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढली.